कागदावर ‘अपंग’ लिहिताना

पत्र थोडक्यात असं: वाचक ५१ वर्षांचे आहेत. नाशिकच्या एका कारखान्यात २००६ पासून पॉवर प्रेसवर काम करत होते. चौदा महिन्यांपूर्वी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, घरीच अर्धांगवायूचा झटका आला. आता काठीशिवाय चालता येतं, डाव्या हाताने जेवता येतं, बोलणं बरंचसं पूर्वीसारखं झालं आहे. उजवी मूठ मात्र वळत नाही. साठलेल्या रजा केव्हाच संपल्या आणि सध्या बिनपगारी चालू आहे. कंपनीतून निरोप आला आहे की तब्येतीच्या कारणाने राजीनामा द्या, हिशोब घ्या, पन्नाशी उलटल्यामुळे लवकरची पेन्शन लगेच सुरू होईल. मेहुण्यांचं म्हणणं, अपंगत्वाची पेन्शन मागा. ओळखीतला एक एजंट पेन्शनचे पैसे एकरकमी काढून देतो म्हणतो. वाचक लिहितात, “झटका घरी आला, मग कंपनीकडे कोणत्या तोंडाने मागू? मी चालतो, बोलतो, जेवतो. कागदावर ‘कायमचा व पूर्ण अपंग’ लिहिलं तर ते खोटं होईल. मुलगी बावीस वर्षांची आहे, तिची स्थळं बघायची आहेत. दोन-तीन हजारांसाठी हा शिक्का का लावून घ्यायचा?”

दादा, नमस्कार.

पत्र मुलीच्या अक्षरात आहे आणि खाली डाव्या हाताने केलेली तुमची सही आहे. त्या सहीकडे मी बराच वेळ बघत राहिले. अठरा वर्षं प्रेसवर उभा राहिलेला माणूस पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं जुळवतो, तेव्हा त्यामागे किती दिवसांचा सराव असेल!

आधी एक तातडीचं सांगते. राजीनाम्यावर सही करू नका. पुढेही कधीच करायची नाही असं मी म्हणत नाही, पण आज नको, या आठवड्यात नको. कारण पुढे येईल. तोवर कंपनीचा पुन्हा निरोप आला, तर “डॉक्टरांचे कागद गोळा करतोय, मग येतो,” एवढंच सांगा.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. झटका घरी आला, म्हणून हक्क नाही, असं तुम्ही गृहीत धरलंय. तुमच्या एकट्याचा हा समज नाही. आजवर माझ्याकडे आलेल्या कामगारांपैकी बहुतेकांना असंच वाटत होतं. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कामावर अपघात झाला तर मिळणारी नुकसानभरपाई वेगळी. तिथे ‘कुठे झालं, कसं झालं’ हा प्रश्न असतो. तुमची पेन्शन वेगळी. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, म्हणजे सगळे जिला ईपीएस-९५ म्हणतात ती, १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. तिच्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वाची जी व्याख्या आहे, तीच सांगते की हे अपंगत्व काम करताना आलेलं असो वा अन्यथा, फरक पडत नाही. तुम्ही नोकरीत होतात, तुमच्या नावाने पेन्शन निधीत वर्गणी जात होती, आणि त्या काळात हे घडलं. योजना तेवढंच बघते. म्हणून तर राजीनाम्याची घाई नको म्हटलं. अपंगत्व नोकरीत असताना आलं, हे कागदावर तारखेसह स्वच्छ दिसलं पाहिजे. आधी राजीनामा आणि नंतर दाखले अशी उलटी रांग लागली, तर तुमची खरी गोष्टही सिद्ध करत बसावी लागेल.

या कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी तरुण कामगारांच्या घरच्यांना ठाऊक नसते. नेहमीच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सर्व्हिस लागते. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी ती अट नाही, निधीत एका महिन्याची वर्गणी गेलेली असली तरी पुरते. पंचविशीतला पोरगा मोटारसायकलवरून पडून कायमचा अंथरुणाला खिळला आणि “त्याची दहा वर्षं कुठं झाली होती” म्हणून घरच्यांनी अर्जच केला नाही, असं होऊ नये म्हणून हे इथे लिहून ठेवते.

तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, ते खोटेपणाचं. तुम्हाला पैसे मिळतील की नाही यापेक्षा आपल्या हातून खोटं लिहिलं जाईल याची काळजी आहे. तिच्याबद्दल मला आदर वाटतो. म्हणूनच तिला नीट उत्तर द्यायला हवं.

‘कायमचा व पूर्ण अपंग’ हे शब्द वाचून तुमच्या डोळ्यांपुढे खाटेवर पडलेला, दुसऱ्याच्या हातून खाणारा माणूस येतो. योजनेच्या डोळ्यांपुढे तो माणूस नाही. तिची कसोटी कामाची आहे. अपंगत्व आलं त्या वेळी जे काम करायची तुमची क्षमता होती, ते काम आता कायमचं होणार नाही, असं आहे का? वैद्यकीय तपासणीतही हेच बघायचं असतं, की त्या वेळी करत असलेल्या नोकरीसाठी हा माणूस कायमचा आणि पूर्णपणे असमर्थ झाला आहे का. तुम्ही डाव्या हाताने जेवता, हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही. पॉवर प्रेसवर पत्रा सरकवायचा, डायमधून हात काढायचा, दोन्ही हातांनी एकाच क्षणी बटणं दाबायची, हे तुम्हाला उद्यापासून जमेल का? तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचा हात सुरक्षित राहील इतकं जमेल का? याचं खरं उत्तर तुम्ही पत्रातच दिलं आहे: मूठ वळत नाही.

तेव्हा अर्जावर तो शब्द लिहिताना ‘मी निकामी झालो’ असं तुम्ही लिहीत नाही. ‘ते काम माझ्याच्याने आता होणार नाही’ असं लिहिता. पहिलं वाक्य खोटं ठरेल, दुसरं नाही. शिवाय निकाल तुम्हाला द्यायचाच नाही. तुम्ही फक्त विचारायचं, पीएफ ऑफिस सांगेल त्या वैद्यकीय मंडळापुढे जायचं आणि जे आहे ते तसंच्या तसं सांगायचं. चालता येतं तर चालून दाखवा. काही लपवायचं नाही, काही वाढवायचं नाही.

मंडळ नाहीही म्हणू शकतं, हेही स्पष्ट सांगते. ‘पूर्ण’ या शब्दावर ते अडू शकतं. तुम्हाला हलकं काम जमेल असं त्यांचं मत पडू शकतं. तसं झालं तर काय उरतं? लवकरची पेन्शन तेव्हाही घेता येईल. किंवा काहीच न घेता थांबलात, तर ५८ व्या वर्षी कपातीविना पेन्शन मिळेल. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी अपंगत्वाचा अर्ज, त्याचा निकाल, आणि मग गरज पडली तर लवकरची पेन्शन. कंपनी सांगते त्या उलट क्रमाने गेलात, तर मोठं दार न ठोठावताच तुम्ही छोट्या दारातून आत गेलेले असाल.

ही दोन दारं किती वेगळी आहेत, ते आकड्यांत बघू. सूत्र असं आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, पण तिला मर्यादा आहे. १ सप्टेंबर २०१४ पासूनच्या सर्व्हिसला १५,००० रुपयांची आणि त्याआधीच्या सर्व्हिसला ६,५०० ची. तुमची झटक्यापर्यंतची अठरा वर्षं धरली, तर पहिली आठ जुन्या मर्यादेत आणि नंतरची दहा नव्या मर्यादेत येतात. पहिल्या आठांचे सुमारे ७४३ रुपये, पुढच्या दहांचे सुमारे २,१४३. मिळून महिन्याला २,८८६ च्या आसपास. अपंगत्वाची पेन्शन मंजूर झाली तर वय कमी म्हणून त्यात कपात होत नाही. लवकरची पेन्शन घेतलीत, तर ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापले जातात. तुमच्या सात वर्षांचे साधारण पाव हिस्सा जातात. हातात येतील २,१०० च्या आगेमागे. ही कपात ५८ पूर्ण झाल्यावर थांबत नाही, ती जन्मभराची असते. पक्का आकडा पीएफ ऑफिस काढेल, पण सात-आठशे रुपयांचा फरक दर महिन्याला, आयुष्यभर, हे लक्षात ठेवा. बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागणाऱ्या घरात सात-आठशे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय अपंगत्वाची पेन्शन अर्जाच्या तारखेपासून नव्हे, अपंगत्व आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून देय असते. चौदा महिने विचारात गेले, म्हणून ते वाया गेले असं समजू नका.

लवकरच्या पेन्शनच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की ती सोपी आहे. तपासणी नाही, मंडळ नाही. घरात उद्याची चूल पेटायची पंचाईत असेल तर मी कुणालाही तिच्यासाठी दोष देणार नाही. तुमच्या घरी वहिनींचा शिवणकामाचा हात चालू आहे आणि पीएफची शिल्लक अजून तशीच आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग काही महिने धीर धरणं तुम्हाला शक्य आहे. पीएफची शिल्लक आणि पेन्शन या वेगळ्या गोष्टी आहेत. आजारपणासाठी पीएफमधून पैसे काढले तरी पेन्शनला धक्का लागत नाही.

एजंटला मात्र घराच्या पायरीवरूनच परत पाठवा. दहा वर्षांहून जास्त सर्व्हिस झाली की पेन्शनचे पैसे एकरकमी काढताच येत नाहीत. (साडेनऊ झाली की दहा धरली जातात, हे ज्यांची सर्व्हिस काठावर आहे त्यांनी ध्यानात ठेवावं.) जे देताच येत नाही ते द्यायचं आश्वासन देणारा माणूस तुमचा आधार नंबर आणि ओटीपी मागेल, तेव्हा कुणाचं भलं करत असेल?

“दोन-तीन हजारांसाठी” असं तुम्ही लिहिलंत. रक्कम थोडी आहे, खरंच थोडी आहे. किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहिली. ती ७,५०० व्हावी म्हणून बुलढाण्यात म्हातारी माणसं साखळी उपोषणाला बसली. त्यांचा राग मला पटतो. पण थोडी आहे म्हणून मागायची लाज वाटावी, हे पटत नाही. हे पैसे कंपनी खिशातून काढून तुमच्या ओंजळीत टाकत नाही. तुमच्या पगाराच्या ८.३३ टक्के इतका मालकाचा हिस्सा दर महिन्याला या निधीत जात होता, २०१४ नंतर दरमहा १,२५० रुपयांपर्यंत. वर सरकारचे १.१६ टक्के. तुमच्या मजुरीचाच तो एक भाग होता, जो तुम्हाला तेव्हा न देता पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवला. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डी. एस. नकारा यांच्या खटल्यात सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर मिळणारी बक्षिसी नव्हे, तो हक्क आहे. सरन्यायाधीश होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. खटला सरकारी नोकरांचा होता, तरी त्यातला विचार प्रेसवर उभ्या असलेल्या माणसालाही तितकाच लागू पडतो असं मी मानते. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदातही म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व हे शब्द एकाच ओळीत आहेत.

आता शिक्क्याचं. इथे मला माझ्या वडिलांबद्दल सांगावंसं वाटतं. ते गिरणीत साचाखात्यात होते. मागांच्या आवाजाने चाळिशीतच त्यांचे कान गेले. घरात कुणी काही विचारलं की ते हसून मान हलवायचे, आणि उत्तर ‘हो’ होतं की ‘नाही’, ते आम्ही आपलं समजून घ्यायचो. त्यांनी कुठेही अर्ज केला नाही, कारण अर्जावर ‘बहिरा’ लिहावं लागलं असतं. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कामगार विम्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, हे मला कळलं तेव्हा ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. वस्तीत सगळ्यांना ते बहिरे आहेत हे ठाऊक होतं, दादा. फक्त कागदाला ठाऊक नव्हतं.

तुमचा हातही शेजाऱ्यांना दिसतोच. अर्ज न केल्याने तो लपणार नाही. आणि पेन्शनची फाइल पाहुण्यांच्या बैठकीत कुणी उघडत नाही. तुम्ही पीएफ ऑफिसात काय दिलंत हे तुम्ही सांगितल्याशिवाय कुणाला कळणारही नाही. बाकी, वडिलांच्या आजारपणाचा हिशोब मुलीच्या गुणांतून वजा करणारं स्थळ आलंच, तर ते लवकर कळलेलं बरं. पण लग्नाबद्दल मुलीचं काय म्हणणं आहे? पत्रात ते कुठेच नाही. हे सगळं तिनेच लिहून घेतलंय, स्थळांचं वाक्यसुद्धा. ते लिहिताना तिचा हात थबकला का, तिला विचारा. तिला नोकरी करायची असेल, आणखी शिकायचं असेल, किंवा वडिलांनी आपल्या नावाखाली स्वतःचा हक्क सोडू नये असं तिला वाटत असेल.

कागदांचं आता सांगते, घाईने वाचू नका. ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांकडून लेखी घ्या: झटक्याची तारीख, उजव्या हाताची आजची स्थिती, आणि यापुढे लक्षणीय सुधारणा अपेक्षित आहे की नाही. अशा आजारात सुधारणेचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांत होतो, चौदा महिन्यांनी डॉक्टर बऱ्यापैकी ठाम बोलू शकतात. व्यायाम मात्र त्यांच्या मतावर सोडू नका, तो चालूच ठेवा. मग कंपनीला एक साधं पत्र द्या की या कारणाने मी प्रेसवरचं काम करू शकत नाही, हलकं काम असेल तर द्या, नसेल तर तसं लेखी कळवा. हलकं काम खरोखर मिळालं आणि पगार टिकला, तर तो पेन्शनपेक्षा कितीतरी चांगला, आणि तुम्ही मोकळ्या मनाने तिकडे जा. “काम नाही” असं उत्तर आलं, तर तो कागद जपा. त्यानंतर पेन्शनच्या अर्जाचा दहा-डी (10-D) फॉर्म. पेन्शनचा प्रकार विचारतात तिथे अपंगत्वाची पेन्शन असं स्पष्ट लिहायचं. लवकरच्या पेन्शनचाही फॉर्म हाच आहे, म्हणून दुसऱ्याकडून भरून घेतलात तर ती ओळ स्वतः वाचा. कंपनी सही करायला टाळाटाळ करत असेल, तर पीएफ ऑफिसची ‘निधी आपके निकट’ शिबिरं दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात भरतात. तिथे अधिकारी समोर बसलेले असतात.

नोकरी सुटेल तेव्हा ग्रॅच्युइटी विसरू नका. तुमच्या १९,००० मूळ पगारावर, अठरा वर्षांचे, ती १ लाख ९७ हजारांच्या जवळपास होते. तुमची पाच वर्षं कधीच झाली आहेत, पण ज्यांची झाली नाहीत त्यांनी हे वाचावं: अपंगत्वामुळे काम सुटलं तर पाच वर्षांची अट लागत नाही.

ई-नॉमिनेशन, म्हणजे पीएफच्या ऑनलाइन खात्यातली वारसांची नोंद, आजच तपासा. तुमच्या माघारी वहिनींना तुमच्या पेन्शनच्या निम्मी पेन्शन मिळेल आणि मुलांना पंचविशीपर्यंत वेगळा वाटा. नावं, जन्मतारखा आधारशी जुळत नसतील तर त्या तेव्हा दुरुस्त करण्यापेक्षा आत्ता केलेल्या बऱ्या.

अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. ज्यांचा कामगार विमा, म्हणजे ईएसआय, कापला जातो, त्यांनी आधी त्या दवाखान्यात जावं. पक्षाघातासारख्या लांबणाऱ्या आजारात, वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील तर, तिथे पगाराच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. आणि इजा कामावरची असून कायमची असेल, तर मासिक रक्कम आयुष्यभर. एसटी, महापालिका किंवा सरकारी महामंडळात असाल, तर राजीनाम्याचा विषयच काढू देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २० वं कलम सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही, त्याच पगारश्रेणीत दुसऱ्या जागी घ्यायचं, जागा नसेल तर जास्तीची निर्माण करायची. आणि बिगारी, घरकाम, शेतमजुरी करणाऱ्यांचा पीएफच नसतो, त्यांच्यासाठी तहसीलमधली संजय गांधी निराधार अनुदान योजनेची शाखा आहे. उत्पन्नाचा दाखला आणि ४० टक्क्यांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घेऊन तिथे जावं.

ते प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, तुम्हीही काढा. पेन्शनच्या मंडळाची तपासणी वेगळी असते, तिच्या जागी हे चालणार नाही. पण फिजिओथेरपीला एसटीने जाता-येता तिकिटात ७५ टक्के सवलत मिळेल.

राहिली सही. बँकेत जाऊन डाव्या हाताची नवी सही नोंदवून घ्या, म्हणजे पेन्शन जमा झाल्यावर ‘सही जुळत नाही’ म्हणून परत पाठवणार नाहीत. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागेल. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, उजव्या अंगठ्यावाचून अडत नाही. आणि अर्ज द्यायला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या. प्रत्येक पानाची झेरॉक्स तिच्या पिशवीत असू द्या, आणि शिक्का-तारखेची पोच हातात पडल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.